संकेतवाचन आणि बहुभाषिकता : माध्यमअभ्यासाच्या दोन परंपरा

पदव्युत्तर माध्यमअभ्यासाचा इतिहास बहुधा वृत्तपत्रव्यवसाय आणि तंत्रज्ञान यांच्या अंगाने मांडला जातो. या अभ्यासाचे एक महत्त्वाचे मूळ साहित्यसमीक्षेत आहे, याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन संस्कृती अध्ययन केंद्र स्थापन केले. हे पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र होते व त्यास पेंग्विनच्या ॲलन लेन यांचे अर्थसाहाय्य लाभले. पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट १९६५ रोजी, दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली, ती मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या आश्रयाने. एका संस्थेचा जन्म साहित्याच्या विभागात, तर दुसरीचा शासनव्यवस्थेत झाला. संदेश कसा वाचला गेला, हा पहिल्या परंपरेचा प्रश्न होता. दुसऱ्या परंपरेला संदेश पोहोचला की नाही, याची चिंता अधिक होती.

पहिल्या परंपरेचा सैद्धांतिक गाभा स्टुअर्ट हॉल यांच्या संकेतन व संकेतवाचनविषयक निबंधात आहे. तो १९७३ मध्ये लेस्टर येथील एका परिसंवादासाठी लिहिला गेला आणि त्या परिसंवादाचा विषयच दूरचित्रवाणीच्या भाषेचे चिकित्सक वाचन हा होता, ही बाब सूचक आहे. निर्मात्याने योजलेला अर्थ प्रेक्षकापर्यंत जसाच्या तसा जात नाही, असे हॉल प्रतिपादतात. प्रेक्षक तो अर्थ वर्चस्वी चौकटीत स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याला विरोध करतो. याच सुमारास जर्मनीत वोल्फगांग इझर वाचनप्रक्रियेचे सिद्धांतन करीत होते. परंतु इझर यांचा वाचक संहितेत गृहीत धरलेला असतो. हॉल यांच्या प्रेक्षकाला वर्ग असतो, व्यवसाय असतो.

या सिद्धांताची कसोटी डेव्हिड मॉर्ली यांनी घेतली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बीबीसीच्या 'नेशनवाइड' या कार्यक्रमाचे भाग २९ गटांना दाखवून चर्चा घडविण्यात आल्या. प्रेक्षकाच्या वर्गावरून त्याचे वाचन सरळ ठरत नाही, असे त्यांना आढळले. काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तर तो कार्यक्रम आपल्याशी संबंधितच वाटला नाही. त्यांचे मौन हॉल यांच्या तिन्ही भूमिकांत नीट बसत नाही. विरोध करण्यासाठीही संहितेत प्रवेश करावा लागतो आणि हे प्रेक्षक उंबरठ्यावरच थांबले होते. मॉर्ली यांच्या अभ्यासाचे खरे मोल या अडचणीत आहे.

भारतीय अनुभवात ही अडचण अधिक मूलभूत रूप घेते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात, म्हणजे आणीबाणीच्या छायेत, उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. हिंदी, कन्नड, तेलुगू व ओडिया या भाषांत कार्यक्रम होते. उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन ध्वनिमार्ग पाठविण्याची सोय होती. म्हणजे एकच दृश्य दोन भाषांत ऐकले जाऊ शकत होते. सर्वांसाठी असलेला सामाईक भाग मुख्यतः हिंदीत होता. कर्नाटकातील वा आंध्रातील खेडूत तो पाहताना स्वीकार, तडजोड वा विरोध यांपैकी काय करीत होता, हा प्रश्न विचारण्याआधी त्याला ती भाषा कितपत कळत होती, हे विचारावे लागते. हॉल यांच्या प्रतिमानात संकेतन आणि संकेतवाचन एकाच भाषेत घडते, असे गृहीत आहे. येथे मात्र संकेतवाचनाचा आरंभच भाषांतराने होतो आणि ते भाषांतर अनेकदा प्रेक्षकाला स्वतःच करावे लागते.

'साइट'च्या मूल्यमापनासाठी मानववंशशास्त्रज्ञ खेड्यांत राहिले होते. म्हणजे प्रेक्षकाजवळ जाण्याची तयारी दुसऱ्या परंपरेतही होती. उणीव होती ती वाचनाच्या सिद्धांताची. पहिल्या परंपरेजवळ तो सिद्धांत होता, परंतु त्यात बहुभाषिकतेला स्थान नव्हते. बर्मिंगहॅमचा तो विभाग २००२ मध्ये बंद झाला, तर दिल्लीच्या संस्थेला २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला. पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नव्याने आखणी होत असताना तौलनिक साहित्याने या क्षेत्राकडे उपरेपणाने पाहणे योग्य नव्हे. एका संहितेचे दोन भाषांत काय होते, हा त्या विद्याशाखेचा जुना प्रश्न आहे आणि भारतीय माध्यमअभ्यासाला नेमकी त्याचीच गरज आहे.