स्वरलेखन, श्रवणाधारित

ऐकलेले गायन-वादन केवळ कानाने ओळखून स्वरलिपीत उतरविण्याची क्रिया. त्यासाठी प्रथम षड्ज निश्चित करतात. मग समेच्या आधाराने आवर्तने विभागून प्रत्येक मात्रेवरील स्वर टिपतात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांतील अनेक मौखिक बंदिशी स्वरलिपीबद्ध करून क्रमिक पुस्तकमालिकेत प्रसिद्ध केल्या. हे कार्य मोलाचे असले, तरी त्यांच्या लिपीला मर्यादा आहेत. तीत कोमल गंधार केवळ अधोरेषेने दर्शविला जातो. त्यामुळे दरबारी कानड्यातील अतिकोमल, आंदोलित गंधार व भीमपलासीतील गंधार यांतील भेद त्या चिन्हावरून कळत नाही. परिणामतः केवळ लिपीवरून केलेले वादन स्वरक्रमाने बिनचूक असूनही रागदृष्ट्या सदोष ठरू शकते. म्हणून स्वरलिपी स्मृतीस साहाय्यक मानावी. रागाचे स्वरूप मात्र गुरूकडून वारंवार ऐकूनच आत्मसात करावे लागते.