मुंबईच्या गोदींतील स्फोट व तद्विषयक लेखन : एक आक्षेप

इ. स. १९४४ च्या एप्रिलच्या १४ व्या तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज फुटलें. या प्रसंगाचीं जीं वर्णनें दरवर्षीं प्रसिद्ध होतात, त्यांचा क्रम आतां ठरून गेला आहे : दुपारीं लागलेली आग, ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट, सुमारें अर्ध्या तासानें दुसरा, ६६ अग्निशामकांचें बलिदान, आणि शेवटीं सोन्याच्या विटा. यांपैकीं कोणत्याहि गोष्टीचें महत्त्व आम्हांस कमी करावयाचें नाहीं. परंतु इतिहास या दृष्टीनें या लेखनांत एक मोठा दोष आहे. तो असा कीं, आग विझली म्हणजे लेखणीहि थांबते.

जहाजावर सुमारें १,४०० टन युद्धसामग्री व स्फोटक द्रव्यें होतीं. तीं सर्वच जळून गेलीं, असें लेखक न बोलतां गृहीत धरतात. वास्तविक अशा स्फोटांत कांहीं माल न फुटतां दूर फेंकला जातो. सुमारें ८,००० माणसांनीं सात महिने राबून पांच लाख टन राडारोडा उपसला. तरीहि १९७० नंतर गाळांतून सोन्याच्या विटा निघाल्याच, आणि ऑक्टोबर २०११ मध्यें गोदींत सांपडलेला ४५ किलो वजनाचा जिवंत तोफगोळा नौदलास निकामी करावा लागला. विटांची कथा सर्वांस ठाऊक आहे. तोफगोळ्याची फारच थोड्यांस.

पाण्यांत बुडालें तें निवालें, ही समजूत या उपेक्षेच्या मुळाशीं असावी. ती चुकीची आहे. टी. एन. टी. पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. कवच गंजतें, पण आंतील द्रव्य टिकतें. इतकेंच नव्हे, तर कांहीं फ्यूजांतील शिशाच्या क्षारापासून, पाणी शिरल्यावर तांब्याच्या संयोगानें, अधिकच हळवें स्फोटक बनूं शकतें. त्याच १९४४ सालीं ऑगस्टांत टेम्स नदीच्या मुखाशीं ‘रिचर्ड मॉंटगोमेरी’ हें जहाज रुतून भंगलें. त्याच्या पोटांतहि सुमारें १,४०० टन स्फोटकें राहून गेलीं आहेत. म्हणून तेथें जवळ जाण्यास बंदी असून सांगाड्याची वेळोवेळीं पाहणी होते. फोकस्टनजवळ बुडालेलें ‘किएल्स’ हें पोलिश जहाज तर १९६७ सालीं, तें दूर करण्याचें काम चालूं असतांच, फुटलें.

हा विषय इतिहासाचा नव्हे, यंत्रज्ञाचा आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. गाळांत सांपडलेली वस्तु कोठली, तिच्या जातीचे नग किती होते, त्यांना फ्यूज जोडलेले होते काय, व पुढें त्यांतले किती हातीं लागले, हीं उत्तरें मालाच्या याद्यांत व सफाईच्या दप्तरांत शोधावीं लागतात. आणि दप्तर वाचणें हें तर आमचेंच काम आहे. धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावावयाचें लाल निशाण त्या दिवशीं ‘फोर्ट स्टिकीन’वर चढविलेलें नव्हतें, असें हेच लेखक खेदानें नमूद करतात. त्यांनीं आपल्या लेखनाकडेहि त्याच नजरेनें पाहावें. जो इतिहास गाळांतील सोन्याची मोजदाद करतो व तोफगोळ्यांची करीत नाहीं, त्यानें तें निशाण अद्यापिहि चढविलेलें नाहीं.