टॅब्लेटवरील चित्रकला आणि निरीक्षणाची शिस्त : कार्ले चैत्यगृहाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कलाक्षेत्रात नवे साधन आले की त्याच्या स्वागताबरोबरच त्याच्याविषयी संशयही व्यक्त होतो. टॅब्लेटवरील अ‍ॅपच्या साहाय्याने काढल्या जाणाऱ्या चित्रांबाबत हेच घडले. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला, २०११ मध्ये ‘प्रोक्रिएट’ हे अ‍ॅप उपलब्ध झाले आणि २०१५ मध्ये हाताचा दाब ओळखणारी ‘अ‍ॅपल पेन्सिल’ आली. ‘हे यंत्राने काढलेले चित्र’ हा आक्षेप फारसा टिकणारा नाही, कारण पडद्यावरील रेषाही हातच ओढतो. खरा प्रश्न असा की, हे साधन चित्रकाराला विषयाकडे अधिक पाहावयास लावते की पाहणे टाळण्याची सोय करून देते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मावळ तालुक्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या रेखाटनाच्या अनुषंगाने केला आहे.

अनुकृतीची परंपरा

लेण्यांसमोर बसून चित्र काढणे हा महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा जुना भाग आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती केल्या. त्यांतील अनेक अनुकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. तरीही त्या कामातून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना जे वळण लागले, ते नष्ट होण्याजोगे नव्हते. अनुकृतीचे मोल केवळ तयार चित्रात नसून ती करताना घडलेल्या निरीक्षणात असते. टॅब्लेटवरील चित्रालाही हाच निकष लावावयास हवा.

कार्ल्याचे चैत्यगृह आणि अ‍ॅपच्या सोयी

लोणावळ्याजवळील हे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी पंधरा शिल्पयुक्त स्तंभ आहेत. स्तंभशीर्षांवर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेली माणसे दिसतात. अशा रचनेसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला अ‍ॅपमधील सममितीची सोय साहजिकच मोह घालते. एका बाजूची रेषा ओढली की दुसऱ्या बाजूस ती आपोआप उमटते. एक स्तंभ पूर्ण केला की त्याच्या प्रती करून उरलेले एकोणतीस काही क्षणांत उभे करता येतात. चित्र नीटनेटके होते. परंतु ते कार्ल्याचे राहत नाही. येथील स्तंभशीर्षे एका घाटाची असली तरी एकमेकांची नक्कल नाहीत. अनेक स्तंभांवर निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली असून त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. प्रत्येक स्तंभ हे कोणा एकाचे दान आहे. ही वेगळेपणाची जाणीव प्रती काढण्याच्या सोयीत सर्वप्रथम हरवते.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे. दर्शनी भागातील नालाकृती गवाक्षातून आत येणारा उजेड स्तूपापर्यंत जाता जाता मंदावतो आणि छताच्या लाकडी कमानी हळूहळू दिसू लागतात. उजेडातून अंधारात आलेला डोळा पूर्ण सरावण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात. टॅब्लेटचा पडदा मात्र स्वयंप्रकाशी आहे. त्याकडे वारंवार पाहणाऱ्या डोळ्याला अंधाराचे सूक्ष्म भेद जाणवत नाहीत व चित्रातील सावली सपाट काळी होते. कागद त्याच अंधारात असतो. तो चित्रकाराला थांबावयास लावतो.

तिसरी सोय छायाचित्र खालच्या लेअरवर ठेवून गिरविण्याची. रुंद भिंगाने टिपलेल्या छायाचित्रात कडेचे स्तंभ ताणले जातात. गिरविणारा हात भिंगाचा तो दोषही इमानाने उतरवून घेतो.

दुसरी बाजू

याचा अर्थ साधनच उथळ आहे असा नव्हे. मावळातील पावसाळ्यात जलरंगाचा कागद लवकर वाळत नाही. छताखाली बसलेल्या विद्यार्थ्याला टॅब्लेटवर रंगाच्या अनेक शक्यता अजमावून पाहता येतात. मात्र पडद्यावर पडलेला पावसाचा थेंब यंत्राला बोटासारखा भासू शकतो. डेव्हिड हॉकनी या इंग्लिश चित्रकाराने २०११ मध्ये यॉर्कशायरमधील वोल्डगेटच्या रस्त्यावरील वसंतागमन आयपॅडवर रेखाटले. २०१२ मध्ये ही चित्रे मोठ्या आकारात लंडनच्या रॉयल अकॅडमीत प्रदर्शित झाली. एकाच रस्त्याकडे तो पुन्हा पुन्हा गेला आणि साधनाचा वेग त्याने बदलता उजेड पकडण्यासाठी वापरला. तोच वेग पाहण्याचा कंटाळा झाकण्यासाठीही वापरता येतो. भेद साधनात नसून वापरात आहे.

समारोप

महाविद्यालयीन मूल्यमापनात हा भेद ओळखणे अध्यापकाचे काम आहे. कागदावर चुकलेली रेषा पुसली तरी तिची खूण राहते आणि विद्यार्थी कोठे अडला हे त्यावरून कळते. टॅब्लेटवर ती मागमूस न ठेवता नाहीशी होते. त्यामुळे केवळ अंतिम चित्र पाहून गुण देणे धोक्याचे ठरते. प्राथमिक रेखाटनाचा लेअर न पुसता जपून ठेवणे, चित्र कोणत्या क्रमाने घडले याचे अ‍ॅपमधील चित्रण सोबत मागणे आणि प्रत्यक्ष स्थळी काढलेले एक तरी पेन्सिल-रेखाटन आवश्यक ठरविणे, एवढे उपाय सहज शक्य आहेत. कार्ल्याहून परतलेल्या विद्यार्थ्याला दोन स्तंभशीर्षांतील फरक सांगता आला, तर चित्र कागदावरचे की पडद्यावरचे हा प्रश्न गौण ठरतो. तो सांगता आला नाही, तर सुबक चित्र हाती असूनही लेणे पाहावयाचे राहून गेले, असेच म्हणावे लागेल.