तापीकाठची निसर्गकविता

टॉमस कोल हा इंग्लंडात जन्मलेला तरुण चित्रकार 1825 मध्ये हडसन नदीने वर गेला आणि तिथले डोंगर रंगवू लागला. 1829 मध्ये तो युरोपला निघाला, तेव्हा ब्रायंट या कवीने त्याच्यासाठी सुनीत लिहिले. आशय एवढाच, की तिकडचे सारे पाहा, पण इकडचे रान विसरू नकोस. पुढे इमर्सनचा निसर्गावरील निबंध आला (1836), थोरोचे ‘वॉल्डन’ आले (1854). भाषा इंग्रजांचीच राहिली. नदी मात्र स्वतःची झाली. अमेरिकेचे म्हणून वेगळे साहित्य उभे राहिले त्यात या गोष्टीचा वाटा फार मोठा.

बुऱ्हाणपुरात बसून हे वाचताना मन साहजिकच तापीकडे वळते. मुलताईला उगम पावून ती आमच्या घाटांवरून खानदेशात उतरते, आणि त्या खानदेशाने मराठीला निसर्गाचे दोन थोर कवी दिले.

बालकवी 1890 मध्ये धरणगावी जन्मले. 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. आमच्याकडून जळगावला जाताना भुसावळ सोडले की ते स्टेशन लागते आणि दरवेळी जीव हळहळतो. शब्दांचा तसा नाद मराठीत पुन्हा क्वचितच उमटला. तरीही ‘औदुंबरा’तले शेतमळे दुरून दिसतात. त्यात राबणारा माणूस नाही, आणि ते गाव खानदेशातलेच असेल असेही नाही.

तो माणूस बहिणाबाईंच्या गाण्यांत भेटतो. असोद्याची ही लेक शाळेची पायरी न चढलेली. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी सुचायची, ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवली. 1951 मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. पेरणी, मोट, रगडणी, सुगरणीचा खोपा, सगळे लेवा बोलीत. थोरोनेही शेंगा पेरल्या, खर्चाचा हिशेब मांडला, पण तळ्याकाठी तो दोन वर्षांचा पाहुणा होता. बहिणाबाईंना परतायला दुसरे गाव नव्हते. माझ्या मते अमेरिकनांनी जे साधले ते आपल्याकडे बालकवींपेक्षा त्यांना अधिक साधले, आणि ते बोलीमुळे साधले. ती वही घरातच राहिली असती तर?

हा प्रश्न आमच्या घरचा आहे. घरात खानदेशी वळणाची मराठी, बाजारात हिंदी, आणि कविता लिहायला बसलो की पुण्याची भाषा. आमच्याकडच्या तरुणांच्या वह्या मी आवडीने वाचतो. त्यांत कोकिळा आहेत, प्राजक्त आहे, समुद्रसुद्धा आहे (तो अनेकांनी पाहिलेलाही नसतो!). सातपुड्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारा मोगलांच्या काळचा कुंडी भंडारा नाही. केळीचे बाग नाहीत. केळ निसवली की घरात काय बोलणे होते हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. ‘निसवणे’ हा शब्द मात्र त्यांच्या एकाही कवितेत मला अजून सापडलेला नाही.