परीक्षक कोण?

मंडळी, २०२४ च्या ‘बिग बॉस मराठी’त निक्की तांबोळीला थप्पड मारली म्हणून आपल्या अमरावतीच्या आर्या जाधवला बाहेर काढलं. चूक कोणाची, यावर किती दिवस घसा कोरडा केला लोकांनी! माझी तक्रार आहे ती ‘जाऊ बाई गावात’बद्दल, त्यावर मात्र फार कोणी भांडलं नाही. झी मराठीवर २०२३ च्या डिसेंबरात तो सुरू झाला. शहरी मुली, खेड्यातली कामं, सूत्रसंचालक हार्दिक जोशी. मुलींचा घाम खरा होता, त्यांना दोष नाही.

सेनेका हा रोमचा गडगंज तत्त्वज्ञ. तोही सांगायचा, अधूनमधून चार दिवस जाडंभरडं खावं, नेसावं, म्हणजे गरिबीची भीती जाते. पण त्यानं त्यासाठी प्रेक्षक नव्हते बोलावले. इथं शेणाला नाक मुरडणं हाच विनोद होतो. हसतो कोणाला आपण? रोज शेण काढणारीलाच ना? आपल्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्यासाठी हंडा घेऊन निघणाऱ्या बाईला ‘मला घरी जायचंय’ म्हणायची सोय नाही. तिला परीक्षक म्हणून बसवा, गुण तिच्या हातात द्या. मग मीही बघीन.