ईशान हरला असता तर?

माझ्या मावसभावाला चित्र काढता येत नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण त्याच्या लहानपणाची दोन-तीन वर्षं या एका गोष्टीने खाल्ली आहेत.

तो तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. पंचवटीतल्या मावशीच्या घरी आम्ही सगळे टीव्हीवर 'तारे जमीं पर' बघत होतो. मध्यंतरापर्यंत मावशीच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. समोरचा ईशान 'ब' आणि 'ड'च्या इंग्रजी अक्षरांत गोंधळत होता. आमचा छोटू मराठीत तेच करत होता. जोडाक्षर आलं की त्याची गाडी रुळावरून घसरायची. पुढच्या महिन्यात मावशीने त्याच्या चाचण्या करून घेतल्या. डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या घरात आला तो त्या सिनेमामुळे. हे ऋण आधी मान्य करते, कारण पुढे मी त्या सिनेमाशी भांडणार आहे.

चाचण्यांचा कागद आल्यावर नातेवाईकांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "मग याला कशात गती आहे?" कुणी रंगपेटी आणली. छोटूने डोंगर, सूर्य आणि झोपडी काढली, सगळे काढतात तशीच. मग तबल्याचा क्लास लागला. मग कीबोर्ड, मग कराटे. दर सहा महिन्यांनी एक नवीन क्लास आणि दर सहा महिन्यांनी थोडी नवी निराशा. छोटूला निमाणी स्टँडवर उभं राहून बस बघायला आवडायचं. पण त्याला सगळ्या बसचे नंबर पाठ आहेत वगैरे काही नव्हतं. त्याला बस बघायला आवडायचं, एवढंच.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी तो सिनेमा मोबाइलवर पुन्हा पाहिला. छोटू आता बावीसचा आहे. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "ताई, तो चित्रात हरला असता तर?"

हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

'तारे जमीं पर' २००७चा. शेवट तुम्हाला आठवत असेल. शाळेत चित्रस्पर्धा होते, परीक्षक म्हणून चित्रकार ललिता लाजमी येतात, ईशान आपल्याच सरांना मागे टाकून पहिला येतो आणि त्याचं चित्र शाळेच्या वार्षिकांकाच्या मुखपृष्ठावर झळकतं. टाळ्या, अश्रू, वडिलांची ओशाळलेली मान. प्रसंग म्हणून तो आजही अंगावर काटा आणतो. पण मुलगा वर्गात परत कसा येतो, ते बघा. निकुंभ सरांनी आधी त्याचा अबोला टिपलेला असतो, हे खरं. तरी घरी जाऊन त्याची चित्रं पाहिल्यावर सिनेमाचा वेग बदलतो. हा मुलगा 'ढ' नाही, याचा पुरावा चित्रं पुरवतात. पुढे सर वर्गाला आइन्स्टाइन, दा विंची, एडिसन यांच्या गोष्टी सांगतात. सिनेमा प्रेमाने जे म्हणतो त्याचा अर्थ असा निघतो : याला हाकलू नका, कोण जाणे, हा उद्याचा आइन्स्टाइन असेल.

आणि नसला तर?

गंमत म्हणजे या सिनेमाला खरं उत्तर माहीत आहे. सर मुख्याध्यापकांकडे जातात आणि मागणी करतात की काही दिवस याच्या शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा, तोंडी उत्तरं घ्या. मग सर त्याला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीची अक्षरं करून घेतात, जिन्याच्या पायऱ्यांवर चढ-उतार करत गणित शिकवतात. डोळा, कान, हात आणि पाय सगळ्यांनी मिळून अक्षर शिकायचं, ही डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना शिकवण्याची खरीखुरी पद्धत आहे. सिनेमात ती एका गाण्यात उरकते. स्पर्धेला मात्र अख्खा शेवट मिळतो. घरी गेलेला प्रेक्षक काय लक्षात ठेवणार? मावशीच्या घरी रंगपेटी आली. वाळूचा ट्रे कुणीच आणला नाही.

आणखी एक गोष्ट मला पूर्वी दिसली नव्हती. निकुंभ सर हंगामी शिक्षक आहेत. ते गेल्यावर तोंडी परीक्षा राहील का? पुढच्या वर्षी तिसरीत असाच दुसरा मुलगा आला तर? शाळेचं वेळापत्रक, प्रश्नपत्रिका, तपासणीची पद्धत यांतलं काही बदललेलं आपल्याला दिसत नाही. बदलतं ते सरांवर जीव टाकणारं एक मूल.

एका भल्या माणसावर सगळा भार टाकायची आपली सवय जुनी आहे. १९९१चा 'चौकट राजा' घ्या. दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघताना अभिनय चालू आहे हे विसरायला होतं. या सिनेमाचा मोठेपणा असा की नंदूच्या आत कुठलाही कलावंत लपलेला नाही. तो नंदू आहे, तेवढं पुरेसं आहे. पण गोष्टीचा जीव अडकतो तो स्मिता तळवलकरांच्या मीनलमध्ये. लहानपणीच्या अपघाताची तिची बोच, तिची माया, तिच्या नवऱ्याचा संशय. मीनल भेटली म्हणून नंदूकडे कुणी माणूस म्हणून पाहिलं. जिच्या गल्लीत मीनल राहायला येत नाही, त्या आईने काय करायचं?

२०२५चा 'सितारे जमीं पर' थोडा पुढे सरकतो. 'चॅम्पियन्स' या स्पॅनिश सिनेमावरून केलेल्या या गोष्टीत न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्यांचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या वळणाने चालतो अशा दहा जणांनी स्वतःच खेळाडूंच्या भूमिका केल्या आहेत. त्यांचा संघ शेवटी हरतो आणि तरी आनंदाने नाचतो. छोटूच्या प्रश्नाला हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं राहतं, कारण सुधारतो तो दारू पिऊन गाडी ठोकलेला, शिक्षा म्हणून तिथे आलेला प्रशिक्षक. आधी मुलांना बक्षीस मिळवून स्वतःला सिद्ध करायचं होतं, आता दुसऱ्याला माणूस बनवायचं आहे. नुसतं वर्गात बसायची परवानगी त्यांना अजून मिळायची आहे.

उरलेलं उत्तर मला एका पुस्तकात सापडलं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आमच्या 'सावाना'तून, मी 'तोत्तोचान' आणलं. तेत्सुको कुरोयानागींचं हे जपानी पुस्तक १९८१चं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावींनी आणलेलं. तोत्तोचानला पहिलीतच शाळेतून काढतात. डेस्कचं झाकण सारखं उघड-मीट करणं, खिडकीतून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणं हे तिचे गुन्हे. मग ती तोमोई या शाळेत जाते. वर्ग म्हणजे आगगाडीचे जुने डबे. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. तोमोईत दिवसाची सुरुवात कुठल्या विषयाने करायची, हे मुलं आपापली ठरवतात.

या शाळेत ताकाहाशी नावाचा मुलगा आहे. त्याची उंची वाढणार नाही. शाळेच्या क्रीडादिनाला सगळ्या शर्यतींत तोच पहिला येतो. इथे तुम्ही मला पकडाल : हीसुद्धा जिंकण्याचीच गोष्ट झाली की! झालीच. पण ताकाहाशीच्या आत कुठला छुपा धावपटू सापडलेला नाही. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जायचं, सभागृहाच्या पायऱ्या चढायच्या, असे खेळच कोबायाशींनी योजले होते, की लहान चणीच्या मुलाचं अडू नये. बक्षीस काय, तर मुळा आणि पालेभाजी. मुलगा होता तसाच राहिला आणि शर्यत बदलली.

त्याच पुस्तकात पोलिओ झालेला यासुआकी आहे. तोमोईतल्या प्रत्येक मुलाचं एकेक झाड ठरलेलं असतं. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर यायचं आमंत्रण देते. रखवालदाराची शिडी आणते, जमत नाही. मग घडीची शिडी आणते, ढकलते, ओढते, घामाघूम होते आणि शेवटी तो फांदीवर पोचतो. बघायला कुणी नाही. टाळ्या नाहीत, परीक्षक नाहीत, मुखपृष्ठ नाही. दोन मुलं झाडावर बसून गप्पा मारतात. सामावून घेणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही परिपत्रकापेक्षा या पानांनी जास्त समजावलं.

शिक्षक असलेली माझी मैत्रीण यावर म्हणाली, "अगं, तोमोईच्या अख्ख्या शाळेत पन्नासेक मुलं. माझ्या एका वर्गात तेवढी असतात." तिचं म्हणणं खोटं नाही. एकट्या बाईंनी कोबायाशी व्हावं, ही अपेक्षा म्हणजे पुन्हा निकुंभ सरांची वाट बघणंच झालं. म्हणून गोष्ट माणसाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

नाशिकला हे फार आधी कळलं होतं. रजनी लिमये स्वतः शिक्षिका, त्यांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व. त्यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. एका आईची माया तिथे संस्था झाली. तिला वर्ग मिळाले, शिक्षक मिळाले आणि आई नसतानाही चालेल अशी घडी बसली. त्या काळात नेहमीच्या शाळांची दारं बंद होती म्हणून वेगळी इमारत उभारावी लागली. आज त्या इमारतीकडे बघताना अभिमान वाटतो आणि थोडी शरमही, कारण बाकीच्या शाळांनी जे केलं नाही त्याचीही ती खूण आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने अपंगत्वाचे प्रकार ७वरून २१ केले. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना सोबत घेऊन शिकवावं आणि गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, असं हा कायदा सांगतो. मुलाला चित्र काढता येतं का, हे तो विचारत नाही. या बाबतीत कायदा आपल्या सिनेमांपेक्षा जास्त समजूतदार आहे.

छोटू आठवीत असताना मावशी शाळेत गेली होती. शाळेचं नाव सांगत नाही. थोडा जादा वेळ द्या, प्रश्न कुणी वाचून दाखवा, एवढीच मागणी. उत्तर मिळालं, "ते सगळं दहावीला बोर्ड देतं. आत्तापासून लाड कशाला?" शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "चित्रकला वगैरे चांगली आहे का त्याची?"

नववीत मात्र गणिताच्या सरांनी एक केलं. घटक चाचणीला प्रत्येक प्रश्न ते सगळ्या वर्गासाठी मोठ्याने, दोनदा वाचायचे. छोटूचं नावसुद्धा घेतलं नाही. मागच्या बाकांवरच्या चार-पाच जणांचाही त्यात फायदा झाला, असं नंतर कळलं. डबे लागले नाहीत, झाडं लागली नाहीत. दहा मिनिटं लागली.

छोटूला पंचवीसपैकी अकरा मिळाले. घरी येऊन त्याने मार्क सांगितलेच नाहीत. दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आई, आज मी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलो."