चित्रातली अक्षरं : वाचायची की बघायची?

मंडळी, खापा हे विणकरांचं गाव, म्हणून आजचा विषय आपण मागापासूनच सुरू करू. कागदावर अक्षर काढताना हात मोकळा असतो. तेच कापडात विणायचं तर धागे मोजावे लागतात, गोलाईलासुद्धा पायऱ्या पडतात. अक्षर तेच, पण आता ते वाचायच्या आधी दिसतं. चित्रात शब्द येतो तेव्हा असंच व्हायला हवं, असं आमचं म्हणणं आहे.

जर्मन विचारवंत लेसिंगनं १७६६ मध्ये वाटणी करून दिली होती : चित्र अवकाशाचं, काव्य काळाचं. आपल्याकडे के. सी. एस. पणिक्करांनी १९६३ पासूनच्या 'वर्ड्‌स अँड सिम्बॉल्स' या मालिकेत ती मोडली. त्यांचे कॅनव्हास जन्मपत्रिकेसारखे अक्षरांनी भरलेले. वळण मल्याळम् लिपीचं, पण मल्याळी माणसालाही ते वाचता येत नाही. वाचणं अडतं, आणि डोळा ओळींची वीण बघू लागतो.

मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट 'पब्लिक नोटिस'मध्ये (२००३) उलट्या वाटेनं तिथंच पोचतात. १९४७ च्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषण त्यांनी ॲक्रिलिकच्या आरशांवर रबरी डिंकानं लिहिलं आणि ती अक्षरं पेटवली. भाषण वाचता येतं. पण आरसे उष्णतेनं वाकलेत, म्हणून ओळींमागं आपलाच चेहरा वेडावाकडा दिसतो. गुजरातच्या २००२ च्या दंगलींनंतरचं हे काम. त्याचा अर्थ नुसत्या शब्दांत नाही, त्या जळण्यात आहे.

आता तक्रार. हल्लीच्या बऱ्याच चित्रांत शब्द म्हणजे टेकू. कोपऱ्यात 'विस्थापन' किंवा 'स्मृती' लिहायचं आणि शेजारी पानभर निवेदन लावायचं. प्रेक्षक निवेदन वाचतो, मान डोलावतो, पुढं जातो. बघायचं राहूनच जातं! हे केवळ आवडीनिवडीचं भांडण नव्हे. अर्थ दुसऱ्यानं सांगायचा आणि आपण मान्य करायचा, ही सवय कलादालनाच्या दारात थांबत नाही. चौकातल्या फलकासमोरही आपण तसेच उभे राहतो.

प्रभाकर बरवे यांचं शब्दांशी वैर नव्हतं. बनारसच्या विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या या चित्रकारानं 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे पुस्तक मराठीत लिहिलं. पण ते त्यांच्या चित्रांची किल्ली म्हणून वाचलं तर हाती फारसं लागत नाही. बघण्याची सवय मात्र लागते.

तेव्हा एक साधी कसोटी. चित्रातला शब्द मनातल्या मनात झाकून बघा. नुसती माहिती कमी झाली, तर तो शब्द बाहेरचा. चित्राचा तोल गेला, तर तो आतला. आता तुमचे प्रश्न घेऊ.